घटस्फोट, घर-दागिने आणि दुसरं लग्न: कुठला कागद कधी करायचा

ओळखीतल्या बऱ्याच जणींचे, आणि आता काही पुरुषांचेही मला फोन येतात, की आमचं दोघांचं ठरलंय, मारामारी भांडण काही नाही, फक्त पुढे काय आणि कुठून सुरू करायचं ते सांग. मी वकील नाही. माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला, तीन वर्षांनी दुसरं लग्न झालं, आणि मधल्या काळात जी धावाधाव झाली त्यात मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे कोर्टाच्या हुकुमाने फक्त लग्न संपतं. फ्लॅटवरचं नाव, होमलोन, लॉकर, नॉमिनी हे सगळं होतं तिथेच राहतं आणि ते एकेक करून आपल्यालाच सोडवावं लागतं, तेही ज्या माणसाशी आता बोलणं नको वाटतं त्याची सही घेऊन. म्हणून हे क्रमाने लिहितेय, कारण यात क्रम चुकला की पैसेही जातात आणि वर्षंही.

आधी एक स्पष्ट करते. खालचं सगळं हिंदू विवाह कायदा १९५५ प्रमाणे आहे, तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख सगळ्यांना लागतो. रजिस्टर पद्धतीने म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न केलं असेल तरी संमतीच्या घटस्फोटाची पद्धत जवळपास हीच. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे कायदे वेगळे, त्यांनी हे वाचून तारखा ठरवू नयेत.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी चालते का?

नाही. अजूनही गावाकडे, आणि शहरातसुद्धा, चार माणसं बसवून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि दोन्हीकडचे म्हणतात झाली काडीमोड. कायद्याच्या नजरेत तुम्ही तेव्हाही नवरा-बायकोच असता. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायद्याचं कलम २९ ती मानतं हे खरं, पण ती रूढी तुमच्या समाजात पूर्वापार चालत आलीय हे वेळ आली की कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न मुळात रद्दबातल, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. माझ्या माहितीतल्या एका मुलीचं दुसरं सासर चांगलं होतं, सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नवरा अपघातात गेल्यावर त्याच्या पेन्शनसाठी पहिल्या घटस्फोटाचा हुकूम मागितला तेव्हा तिच्याकडे द्यायला तो नोटरीचा कागद होता.

अर्ज कधी करता येतो?

लग्नाला एक वर्ष व्हायला हवं, अगदीच असह्य हाल असतील तर कोर्ट आधी परवानगी देऊ शकतं. संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे कलम १३ ब साठी, त्याशिवाय एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही, एकाच छताखाली राहून नवरा-बायको म्हणून संबंध ठेवले नसतील तरी ते वेगळं राहणंच, सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये हे सांगितलंय. मुंबईत भाड्याने दुसरं घर परवडत नाही म्हणून कित्येक जोडपी एका घरात दोन खोल्यांत राहतात, त्यांनी यावरून अडून बसू नये.

अर्ज कुठे करायचा, तर लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा समोरचा जिथे राहतो तिथल्या कुटुंब न्यायालयात. बायकोला ती सध्या राहते तिथेही करता येतो. ज्या ठिकाणी कुटुंब न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या केसमध्ये बाईला कोर्ट फी माफ आहे, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं आणि पैसे नाहीत म्हणून दोन-दोन वर्षं थांबतात.

अर्जाच्या आधीचं काम, आणि खरं काम हेच

वकिलाकडे जायच्या आधी दोन याद्या करा, एक वस्तूंची आणि एक देण्याची.

वस्तूंची यादी म्हणजे मुख्यतः दागिने. स्त्रीधन, म्हणजे लग्नात, लग्नाआधी, नंतर सणावाराला माहेरून, सासरहून, नातेवाईकांकडून बाईला जे मिळालं ते सगळं तिचं एकटीचं. ते नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये परत एकदा स्पष्ट केलंय, नवऱ्याने अडचणीत वापरलं असेल तरी परत द्यायची जबाबदारी त्याची. पण कायदा असला तरी कुठला दागिना कुणी दिला हे दहा वर्षांनी कुणालाच आठवत नाही. आम्ही काय केलं सांगते. लग्नाचा अल्बम काढला, मी आणि माझी आई एका बाजूला, तो आणि त्याची बहीण दुसऱ्या बाजूला, आणि एकेक फोटो बघत वहीत लिहीत गेलो: मोहनमाळ, आजीकडून, पाटल्या दोन, सासूबाईंनी, तोडे, माहेरून, ठुशी, मोडून नवीन केली, पावती आहे. ज्याचं वजन माहीत नव्हतं ते सराफाकडे नेऊन तोलून आणलं. एका नथीवरून दोघंही रडलो, ती त्याच्या आजीची होती आणि मी ती परत दिली, कायद्याने द्यायची गरज नव्हती. अशा एखाद्या वस्तूवर अडून सगळं मोडू देऊ नका. यादीवर दोघांच्या सह्या घ्या, आणि दागिने हातात आल्यावर "मिळाले" म्हणून तारीख टाकून परत सही करा.

देण्याची यादी म्हणजे होमलोन, गाडीचं लोन, क्रेडिट कार्ड, आईवडिलांकडून घेतलेले उसने. कुणाच्या नावावर, किती बाकी, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो हे लिहा आणि मागच्या निदान तीन वर्षांची बँक स्टेटमेंट काढून ठेवा.

"नवऱ्याच्या प्रॉपर्टीत मला अर्धा वाटा मिळतो ना?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून बायका गप्प होतात. आपल्याकडे लग्नानंतर घेतलेलं सगळं आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. घर त्याच्या एकट्याच्या नावावर, पैसे त्याचे, तर मालक तो. बायकोचा हक्क असतो तो पोटगीचा आणि लग्न टिकून आहे तोवर सामाईक घरात राहण्याचा. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली ते घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी सुनेला राहण्याचं संरक्षण मिळू शकतं, हे २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने स्पष्ट झालं, पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. सासरच्या वडिलोपार्जित जमिनीतही सुनेला स्वतःचा वाटा नसतो. तुमच्या मुलांना मात्र असतो, मुलगा असो की मुलगी, आणि आईबाबांच्या घटस्फोटाने तो जात नाही, त्यामुळे मुलांचा हक्क सोडून देतो असं वाक्य कुणी करारात घातलं तर तिथेच थांबा.

म्हणूनच संमतीच्या घटस्फोटात जे ठरवून लिहून घेता तेच तुमचं. कोर्ट स्वतःहून तुम्हाला फ्लॅटचा अर्धा भाग देईल या आशेवर राहू नका.

दोघांच्या नावावरचा फ्लॅट

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात.

रस्ते तीनच. विकून लोन फेडून उरलेले वाटून घ्या. किंवा एकाने ठेवा आणि दुसऱ्याने हक्क सोडा. किंवा नावं तशीच ठेवून एकजण राहतो, दुसरा कधीतरी बघू म्हणतो. हा तिसरा रस्ता घेऊ नका असं मी हात जोडून सांगते. पाच वर्षांनी विकायला निघालात की माजी नवऱ्याची किंवा बायकोची सही लागते, तोवर त्यांचं दुसरं लग्न झालेलं असतं, आणि मधे त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्यांचे वारस तुमच्या फ्लॅटमध्ये वाटेकरी होतात.

एकाने ठेवायचं ठरलं तर पहिलं पाऊल वकिलाकडे नाही, बँकेत. दोघं सहकर्जदार असाल तर कोर्टाच्या हुकुमात "यापुढे हप्ते तो भरेल" असं लिहिलं तरी बँक त्याला बांधील नाही, त्याने हप्ता चुकवला की फोन तुम्हाला येणार आणि सिबिल तुमचंही खराब होणार. बँक आधी बघते की जो ठेवणार त्याच्या एकट्याच्या पगारावर उरलेलं लोन बसतं का. बसत असेल तर नव्याने कर्जाचे कागद होतात आणि दुसऱ्याचं नाव निघतं, नसेल बसत तर काही रक्कम भरून लोन कमी करा, किंवा दुसऱ्या बँकेत न्या, किंवा मग विकणंच बरं. बँकेचं उत्तर लेखी हातात आल्याशिवाय फ्लॅटबद्दल काहीही कबूल करू नका.

त्यानंतर रजिस्टर्ड दस्त. आणि इथे वेळेचं महत्त्व आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, वर त्या भागाप्रमाणे १ टक्क्याच्या आसपास अधिभार आणि नोंदणीचा खर्च. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच. हुकूम झाल्यावर तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणी नाही, मग तोच दस्त परक्या माणसाला दिल्यासारखा धरला जाऊन बाजारभावावर टक्क्यांमध्ये शुल्क पडू शकतं आणि घेणाऱ्याला इन्कम टॅक्सचाही प्रश्न येऊ शकतो. ८० लाखांच्या फ्लॅटमध्ये हा फरक काही लाखांचा होतो. मात्र बक्षीसपत्र म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं, त्यामुळे त्यात "पोटगीच्या बदल्यात" किंवा "इतके रुपये घेऊन" असं आलं की तो दस्त बक्षीसपत्र राहत नाही. मजकूर जाणत्या वकिलाकडूनच करून घ्या, आणि शंका असेल तर सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे अभिनिर्णयाला टाका, किती शुल्क लागेल ते तिथून लेखी मिळतं.

देणाऱ्याच्या मनात भीती असते की मी आधी घर देऊन टाकलं आणि समोरच्याने कोर्टात पलटी मारली तर? ती भीती खरी आहे, त्यासाठी बरेच जण कोर्टातल्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या हुकमाच्या तारखेच्या अगदी एक-दोन दिवस आधी दस्त नोंदवतात. आम्ही तसंच केलं, मंगळवारी दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठे आणि फोटो, गुरुवारी कोर्ट.

दस्त झाला म्हणजे संपलं नाही. इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा, काढा, सोसायटीला अर्ज देऊन शेअर सर्टिफिकेटवर नाव बदला, मग प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, वीजबिल, आणि जमीन असेल तर सातबारावर फेरफार. माझं शेअर सर्टिफिकेट मी आळस करून दोन वर्षं ठेवून दिलं, तेवढ्यात इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आणि पहिल्या मीटिंगच्या नोटिशीवर नाव त्याचं आलं.

पोटगी एकरकमी की दर महिन्याला?

कायद्यात ठरलेला आकडा नाही. "पगाराच्या इतके टक्के" असं जे लोक छातीठोक सांगतात तो नियम नव्हे. दोघांचं उत्पन्न, खर्च, मुलं, लग्न किती वर्षं टिकलं, बाईने नोकरी कशासाठी सोडली हे सगळं बघतात. २०२० पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे लपवाछपवी थोडी कमी झालीय. पोटगी नवराही मागू शकतो, कलम २४ आणि २५ दोघांसाठी आहेत.

माझं मत विचाराल तर जमत असेल तर एकरकमी घ्या. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम मानून त्यावर सहसा इन्कम टॅक्स लागत नाही, महिन्याची पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. शिवाय महिन्याची पोटगी म्हणजे दर महिन्याला त्या माणसाची वाट बघणं, आणि तुम्ही दुसरं लग्न केलंत की ती थांबवायला तो कोर्टात जाऊ शकतो. एकदा मिळालेली एकरकमी रक्कम दुसऱ्या लग्नामुळे परत द्यावी लागत नाही.

मुलांचा खर्च यात मिसळू नका, तो वेगळा लिहा. शाळेची फी, क्लास, आजारपण, दरवर्षी किती वाढ, कॉलेजचा खर्च कोण करणार. आईच्या दुसऱ्या लग्नाने बापाची मुलांच्या खर्चाची जबाबदारी संपत नाही. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. भेटीचं "सोयीनुसार" असं लिहू नका, कुठला शनिवार, किती वाजता, कोण आणणार, मे महिन्याची सुट्टी अर्धी कुणाची, गणपतीत मूल कुठे, हे लिहा. सोय एकाची असते आणि रडतं मूल.

कन्सेंट टर्म्समध्ये काय हवंच

वरचं सगळं ज्या कागदात जातं त्याला वकील कन्सेंट टर्म्स म्हणतात. पैसे टप्प्याने लिहा, थोडे पहिल्या तारखेला, उरलेले दुसऱ्या तारखेला कोर्टात डिमांड ड्राफ्टने. कारण शेवटचा हुकूम होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते, त्यामुळे सगळे पैसे आधी देऊ नका आणि सगळे नंतर घेऊ असंही म्हणू नका. एकमेकांवर पोलीस केस, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज, पोटगीचा दावा असेल तर प्रत्येकाचा नंबर टाकून तो कोण आणि कधी मागे घेणार ते लिहा. सासरच्या छळाची फौजदारी केस नुसती "मागे घेतली" म्हणून संपत नाही, ती सहसा हायकोर्टातून रद्द करून घ्यावी लागते आणि त्यासाठी तक्रारदाराचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं, तेव्हा हजर राहीन हे आत्ताच लिहून घ्या.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं

अर्ज दाखल झाला की कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. ते दोघांशी वेगवेगळं आणि एकत्र बोलतात. तिथे उगाच तावातावाने बोलू नका, ते तुमच्या विरोधात नसतात. मग सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत परत दोघांनी येऊन हो म्हणायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालापासून. त्यासाठी साधारण दीड वर्ष आधीच वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न झालेले असतील, पोटगी-मुलं-घर सगळं मिटलेलं असेल तर पहिल्या तारखेनंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहायची परवानगी मागता येते.

दुसऱ्या तारखेला न्यायाधीश मॅडमनी मला तीनच गोष्टी विचारल्या, दडपण नाही ना, पैसे आणि वस्तू मिळाल्या ना, परत विचार करायचा आहे का. पाच मिनिटं. दहा वर्षांचं लग्न पाच मिनिटांत, त्या दिवशी कुणालातरी सोबत घेऊन जा.

समोरचा तयारच नसेल तर एकतर्फी केस करावी लागते, त्यात क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार असं कारण सिद्ध करावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. "आमचं पटत नाही, लग्न मेलंय" हे कारण खालच्या कोर्टात चालत नाही, ते अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाला आहेत, २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे.

हुकूम मिळाल्यावर

सर्टिफाइड कॉपी निदान चार काढा. मग एका रविवारी बसून यादी करा: पीएफ, एलआयसी, म्युच्युअल फंड, बँक, डीमॅट, ऑफिसचा मेडिक्लेम, सगळीकडचा नॉमिनी. मृत्यूपत्र केलं असेल तर घटस्फोटाने त्यातलं माजी जोडीदाराचं नाव आपोआप जात नाही, नवीन करा. जॉइंट खातं बंद करा, लॉकर सोडा. केस चालू असतानाच एकजण वारला तर दुसरा कायद्याने वारस ठरतो हेही लक्षात असू द्या, म्हणून नॉमिनी आणि मृत्यूपत्राचं काम हुकमापर्यंत लांबवू नये असं मला वाटतं.

दुसरं लग्न कधी करता येतं?

"एक वर्ष थांबावं लागतं" हे अजून सगळे सांगतात. तशी अट पूर्वी होती, १९७६ च्या दुरुस्तीत ती गेली. आता कलम १५ म्हणतं की अपील करता येत नसेल, किंवा अपिलाची मुदत संपली असेल, किंवा अपील फेटाळलं गेलं असेल तर लग्न करता येतं. संमतीच्या हुकमावर सहसा अपील नसतं, त्यामुळे तसं लगेचही करता येतं, तरी मी सगळ्यांना ९० दिवस थांबायलाच सांगते. एकतर्फी केस असेल, त्यातही समोरचा कोर्टात आलाच नसेल तर जास्तच सावध राहा, तो नंतर येऊन मला नोटीसच मिळाली नव्हती म्हणू शकतो, तेव्हा अपील दाखल आहे का ते वकिलाकडून तपासून घ्या आणि मगच हॉल बुक करा.

लग्न नोंदणीच्या वेळी "घटस्फोटित" लिहून हुकमाची प्रत जोडावी लागते. रजिस्टर लग्न असेल तर ३० दिवसांची नोटीस धरून तारीख ठरवा. समोरचाही घटस्फोटित असेल तर त्याचा हुकूम स्वतः डोळ्यांनी वाचा, फक्त सांगितलेल्यावर जाऊ नका, ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून स्थिती बघता येते. त्याच्यावर पोटगी आणि मुलांचा किती खर्च आहे तेही विचारा. मी विचारलं तेव्हा त्याने त्याची कन्सेंट टर्म्सची फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली, आणि मी माझी ठेवली, दोन चहा होईपर्यंत आम्ही एकमेकांच्या फायली वाचत बसलो होतो.

आधीचं मूल घेऊन दुसऱ्या घरात जात असाल तर सावत्र वडिलांचं नाव किंवा वारसाहक्क त्याला आपोआप मिळत नाही. त्यासाठी रीतसर दत्तक लागतो आणि त्यात पहिल्या वडिलांची संमती लागते. दत्तक करायचा नसेल तर नवीन नवऱ्याने मृत्यूपत्रात त्या मुलाचं नाव घालणं हा साधा रस्ता आहे, आणि हे बोलणं लग्नाआधी झालेलं बरं.